कारवानी पिल्लू घरी आणताय? आधी भिंत, मग पट्टा, मग पिल्लू

मुधोळ, जत, सोलापूर, लातूर या पट्ट्यातून कारवानी या वेगवान, शिकारी देशी कुत्र्याच्या जातीची पिल्लं पुण्या-मुंबईकडे येतात. त्यातली बरीच वर्षभरात परत पाठवली जातात, पळून जातात, नाहीतर मागच्या अंगणात कायमची साखळीला लागतात. कुत्र्यात खोट नसते, वाढवण्याचा क्रम चुकलेला असतो. पिल्लू आधी येतं, कुंपणाचा विचार नंतर. मोकळं आधी सोडतात, हाकेला यायला नंतर शिकवतात. लॅब्रॅडॉर वाढवून सराव झालेला माणूस तर इथे हमखास फसतो, कारण त्याला जे 'सशक्त' वाटतं ते कारवानीसाठी जाडेपण असतं आणि ज्याला तो 'लाजाळू' म्हणतो तो या कुत्र्याचा मूळ स्वभाव असतो.

इतिहास आणि कौतुक दोन्ही इथे नाही. पहिल्या वर्षात काय, कधी आणि कशानंतर करायचं, एवढंच आहे.

## टप्पा १: पिल्लू यायच्या आधीचं घर

पूर्ण वाढलेला नर खांद्याजवळ साधारण ६८ ते ७२ सेंटीमीटर उंच आणि पंचवीस किलोच्या आसपास असतो. चार फुटांची भिंत त्याला अडथळाच वाटत नाही. सहा फूट धरून चला. भिंतीला लागून पाण्याची टाकी, विटांचा ढीग किंवा बाकडं असेल तर हलवा, तिथूनच तो पायरी करतो.

काटेरी तारेचं कुंपण मात्र या जातीसाठी सगळ्यात वाईट. मांजर दिसलं की हे कुत्रं पूर्ण वेगात निघतं आणि तार त्याला दिसते ती छातीला लागल्यावर. कातडी पातळ, त्याखाली चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे जिथे दुसऱ्या कुत्र्याला ओरखडा आला असता तिथे याला टाके पडतात. शेतावर तार काढणं शक्य नसेल तर आतल्या बाजूने जाळी लावा आणि तिच्यावर डोळ्यांना दिसेल असं काहीतरी बांधा. जुन्या साडीच्या पट्ट्यासुद्धा चालतात.

फाटक उघडताना कुत्रं आणि रस्ता यांच्यामध्ये दुसरं एक दार हवं. लोखंडी जाळीचं छोटं दार वेल्डरकडून करून घ्या. दूधवाला, कुरिअरवाला, शाळेतून येणारी मुलं या तीन वेळांनाच बहुतेक कारवानी बाहेर निसटतात.

फ्लॅटमध्ये ठेवता येतो का? येतो. घरात हा कुत्रा बराच शांत असतो, विनाकारण भुंकतही नाही. पण त्याला पळायला चारही बाजूंनी बंद अशी जागा आठवड्यातून दोनतीनदा तरी मिळायला हवी. अशी जागा कुठे आहे हे पिल्लाचे पैसे देण्याआधी शोधून ठेवा. सापडत नसेल तर ही जात घेऊ नका.

अंथरूण जाड लागतं. नुसत्या फरशीवर झोपून यांच्या कोपरांवर आधी केस जातात, मग घट्टे पडतात, कधी कधी पाण्याची गाठ येते. जुनी गादी दुमडून तिला धुता येईल अशी खोळ घाला.

तपासा: अंगणात स्वतः गुडघ्यावर बसून एक फेरी मारा. फाटकाखाली आणि गटाराच्या तोंडाशी दोन महिन्यांचं पिल्लू सहज निघेल अशी फट असतेच.

## टप्पा २: पिल्लू निवडणं

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी मनाई आहे. तरी महिन्याभराची पिल्लं 'दोन महिन्यांची आहेत' म्हणून सर्रास हातात दिली जातात. तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे जवळपास सगळे दात आलेले असतात. पुढचे दात नुकतेच हिरडीतून डोकावत असतील तर पिल्लू महिन्याचंच आहे. त्या वयात आई आणि भावंडांपासून तोडलेलं पिल्लू पुढे चावण्याचा जोर आवरायला शिकत नाही, आणि मुळात बुजरी असलेली जात आणखी बुजरी होते.

आई बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. बापाचा फोटो चालेल, आई मात्र समोर हवी. ती अनोळखी माणसापासून चार पावलं लांब राहिली, तुमच्याकडे बघत राहिली, तर ठीक. कोपऱ्यात घुसून थरथरत असेल किंवा मालक हजर असतानाही अंगावर येत असेल तर तिथून निघा.

ग्रेहाउंडचा संकर 'प्युअर कारवानी' म्हणून विकला जातो, कारण शर्यतवाल्यांमध्ये त्याला गिऱ्हाईक आहे. आईबापाचे कान बघा. कारवानीचे कान लोंबते, गालाला लागून असतात, ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले. मांड्या फार भरलेल्या दिसल्या तरी शंका घ्या. कानांवर, पायांवर आणि शेपटीला रेशमी लांब केस असतील तर ती पश्मी, म्हणजे याच जातीचा लांब केसांचा प्रकार, तो संकर नव्हे. कागदपत्रं मिळणार असतील तर एक लक्षात ठेवा: केनेल क्लब ऑफ इंडिया 'कॅरव्हॅन हाउंड' लिहितो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड'. नावं दोन दिसली म्हणून घाबरू नका. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथेही पिल्लांची चौकशी करता येते.

पोट फुगलेलं आणि पाठीचा कणा वर आलेला म्हणजे जंत. हे बरं होतं, पण बाकीच्या पिल्लांची अवस्थाही तीच असेल तर विकणाऱ्याने कुणालाच औषध पाजलेलं नाही असं समजा.

## टप्पा ३: प्रवास आणि पहिला आठवडा

सकाळी निघा. निघण्याआधी दोनतीन तास खायला नको, पाणी चालेल. आईच्या जागेवरचं एखादं फडकं मागून घ्या आणि पिल्लाच्या खोक्यात तेच अंथरा. विकणारा काय खायला देत होता ते विचारून पहिला आठवडाभर तेच द्या, मग थोडं थोडं करत बदला. जागा, माणसं आणि खाणं तिन्ही एकाच दिवशी बदललं की दुसऱ्या दिवशी हगवण लागते आणि घरात पार्व्होची (पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीच्या आजाराची) घबराट उडते.

पाहुण्यांना आठवडाभर थांबवा. घरात दहा माणसं जमून पिल्लू या हातातून त्या हातात फिरवण्याचा जो कार्यक्रम होतो, तो कारवानीच्या बाबतीत महागात पडतो. या कुत्र्याला अंगचटीला येणं आवडत नाही. त्याला स्वतःहून जवळ येऊ द्या. जमिनीवर बसा, हात खाली ठेवा, त्याच्याकडे टक लावून बघू नका.

रात्री खोकं तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. 'एकटं राहायची सवय लागू दे' म्हणून पहिल्याच रात्री गच्चीवर ठेवलेलं पिल्लू ओरडून ओरडून गप्प होतं. ती सवय नव्हे, ते नुसतं दमलेलं असतं.

## टप्पा ४: लस आणि जंताचं औषध

पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची असताना, त्यानंतर दर ३-४ आठवड्यांनी, निदान १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते आणि ती कधी उतरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं, म्हणून हे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. एक इंजेक्शन झालं म्हणजे लसीकरण झालं असं नाही. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर वेळी वजन करूनच द्या.

महापालिका हद्दीत राहत असाल तर कुत्र्याचा परवाना लागतो का ते विचारून घ्या. पुण्यात लागतो. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवा.

सावधान: लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, भटक्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नका. पण म्हणून चार महिने घरात कोंडूही नका. त्याचं काय करायचं ते टप्पा ६ मध्ये आहे.

## टप्पा ५: खाणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि दोन्ही टोकांचा.

पहिलं टोक गावाकडचं: दूध-भाकरी, भाकरी-दूध. ज्वारीची भाकरी वाईट नाही, पण वाढत्या पिल्लाला तेवढ्यावर प्रथिनं पुरत नाहीत, आणि दुधाचं प्रमाण वाढलं की पोट बिघडतं. दुसरं टोक शहरातलं: बरगड्या दिसतात म्हणून घाबरून वाटी वाढवत जायचं, वर कॅल्शियमचं सिरप, वर तूप. शेजारी म्हणतात, "अहो, कुत्र्याला खायला घालता की नाही?" तिथे मालक खचतो आणि आणखी एक भाकरी चुरतो.

बरगड्या डोळ्यांनी मोजू नका, हाताने बघा. आधी आपली मूठ वळून गाठींवरून बोट फिरवा: बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रं रोड आहे. मग हात सरळ करून पंजाच्या मागच्या बाजूवरून फिरवा: हाडं कळतात पण वर पातळ थर आहे. कारवानी असा लागला पाहिजे. तळहातावरून फिरवल्यासारखं मऊ लागत असेल तर तो जाड झालाय. मोठ्या कारवानीच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या आणि कमरेची हाडं जराशी दिसणं हे ठणठणीतपणाचं लक्षण आहे. रोज नाही, पंधरा दिवसांतून एकदा बघा आणि त्याप्रमाणे खाणं कमीजास्त करा.

काय द्यायचं? सोपा मार्ग म्हणजे पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य मुख्य ठेवून त्यावर उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं चिकन, थोडं काळीज, लाल भोपळा, दही. सगळं घरचंच द्यायचं असेल तर ताटात निम्म्याहून जास्त मांस आणि अंडी, उरलेल्यात भाकरी किंवा भात आणि भाजी. नुसत्या मांस-भाकरीत कॅल्शियम कमी पडतं, ते किती द्यायचं हे डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या. तयार खाद्यात ते आधीच घातलेलं असतं. त्यावर पुन्हा सिरप पाजलं तर हाडं मजबूत व्हायच्या ऐवजी वाकडी वाढू शकतात.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे कायम दोन वेळा. मोठा झाल्यावरही दिवसाचं सगळं खाणं एकाच वेळी घालू नका. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडू शकतो आणि तो काही तासांत जीव घेतो. खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर तासभर धावाधाव नको.

सावधान: कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं, माणसांच्या पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेनच्या गोळ्या, यातलं काहीही नाही. रश्श्यातला कांदा हा सुद्धा कांदाच. पोट टमटमीत, उलटीचा नुसताच उमाळा आणि बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

## टप्पा ६: माणसं, आवाज आणि स्पर्श

साधारण चौदा आठवड्यांपर्यंत जे ओळखीचं झालं ते पुढे भीतीचं होत नाही. कारवानीसाठी ही मुदत फार मोलाची आहे. लसीही याच काळात चालू असतात, म्हणून पिल्लाला काखेत किंवा झोळीत घेऊन बाहेर न्या. बसस्टॉप, भाजी मंडई, शाळा सुटतानाचा गलका, मंदिराची घंटा, रिक्षा, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस. दहा मिनिटं लांबून बघायचं, चिकनचा एखादा तुकडा, परत घरी. कुणी हात लावायला आलं तर "आत्ता नको" म्हणायला लाजू नका.

घरी रोज पंजे, कान, दात, शेपटीखाली हात लावून बघा. आधी एकच पंजा धरा, सोडा, खाऊ द्या. मग दुसरा. पुढे गोचीड काढायला, नखं कापायला आणि दवाखान्याच्या टेबलावर उभं करायला हीच सवय उपयोगी पडते.

मारायचं नाही. "शिकारी रक्त आहे, दोन फटके हवेतच" हा सल्ला कुठल्या ना कुठल्या काकांकडून येणारच. मार खाल्लेला कारवानी सुधारत नाही, तो तुमच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायला शिकतो. आणि असा कुत्रा एकदा फाटकाबाहेर गेला की धरणार कोण?

तपासा: तीन महिन्यांचं पिल्लू अनोळखी माणसापासून लांब राहिलं तरी हरकत नाही. पण ते त्याच्यासमोर खाऊ खातं का? खात नसेल तर तुम्ही फार जवळ नेताय, अंतर वाढवा.

## टप्पा ७: पट्टा, शिट्टी, लांब दोरी

साधा गोल पट्टा कारवानीला चालत नाही. मान डोक्यापेक्षा जाड किंवा बरोबरीची असते. एखादा ट्रक हॉर्न देत जातो, कुत्रं पुढचे पाय रोवतं, डोकं खाली घालतं, मागे रेटतं. कान चपटे होतात, पट्टा कानांवरून सरकतो आणि तुमच्या हातात रिकामी दोरी राहते. या जातीला रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या, जो ओढ बसली की तेवढ्यापुरता आवळतो. छातीचा हार्नेस घेतलात तर कमरेलाही पट्टी असलेला घ्या. पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला हवाच.

साखळीला बांधून ठेवणं वेगळं आणि पट्ट्याने फिरवणं वेगळं. बांधलेला कारवानी मांजर बघून साखळीच्या टोकापर्यंत पूर्ण वेगात जातो आणि मानेला हिसका बसतो. अंगणाचं कुंपण करायचं ते याचसाठी.

आता हाक. नावाने नव्हे, शिट्टीने शिकवा, कारण नाव आपण दिवसातून पन्नास वेळा उगाच घेतो.

पहिल्यांदा घरात, वाटी ठेवताना शिट्टी वाजवा. शिट्टी म्हणजे खाणं, हे पक्कं होऊ द्या. मग दुसऱ्या खोलीतून. मग अंगणातून. प्रत्येक वेळी काहीतरी चांगलं मिळालंच पाहिजे, बिस्किटाचा चुरा नव्हे, चिकन. अंगणात दहापैकी नऊ वेळा वळून आला की बाहेर मोकळ्या जागी दहा-पंधरा मीटरच्या दोरीवर न्या. दोरी हार्नेसला बांधा, मानेच्या पट्ट्याला कधीच नाही. तो वेगात जाऊन टोकाला पोचला तर मानच मोडायची.

लोकांची ठरलेली चूक: बोलावायचं, आला की पट्टा अडकवायचा आणि घरी न्यायचं. चार दिवसांत कुत्र्याला कळतं की आलं की खेळ संपतो. दहादा बोलवा, नऊदा खाऊ देऊन परत सोडा. आणि उशिरा आला म्हणून कधी ओरडू नका, कितीही राग आला तरी. तुम्ही ओरडलात ते 'उशीर केला' यासाठी, पण त्याला कळतं 'आलो' यासाठी.

सहा ते दहा महिन्यांच्या मध्ये सगळं शिकवलेलं विसरल्यासारखं वागायला लागेल. पुन्हा दोरीवर आणा आणि मागच्या पायरीपासून सुरू करा.

## टप्पा ८: मोकळं सोडणं

फक्त बंद जागेत. शिट्टी कितीही पक्की झाली तरी ससा किंवा मांजर पळताना दिसलं की हा कुत्रा ऐकत नाही, काही सेकंदांत तो तुमच्या नजरेच्या टप्प्याबाहेर आणि बहुधा रस्त्यावर असतो. मोठा, शिकलेला, शहाणा कारवानीही. यात अपवाद शोधत बसू नका.

मोटरसायकलमागे पळवणं बंद. साधारण सव्वा ते दीड वर्षापर्यंत हाडांची टोकं कच्ची असतात. डांबरी रस्त्यावर एका गतीने मैलभर पळवलेल्या पिल्लाचे पुढचे पाय पुढे आयुष्यभर त्रास देतात. पिल्लाने मातीवर स्वतःच्या मनाने पळावं, थांबावं, पुन्हा पळावं. शर्यतीचा विचारही दीड वर्षाआधी नको. आणि सशावर सोडून 'तयार' करायचा प्रकार हा सरळ गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सशाच्या शिकारीला बंदी आहे.

मराठवाडा-सोलापूरच्या उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत पळवून आणा. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती दिसली तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात घेऊन निघा. थंडीत उलट अडचण असते: पातळ कातडीला पहाटेचा गारठा सोसत नाही, रात्री अंगावर झूल हवी.

दिवाळीचे चार दिवस फिरायला दुपारीच न्या, दुहेरी पट्ट्याने. सुतळी बॉम्बला बिचकून पळालेला कारवानी फार लांब जातो.

## टप्पा ९: दवाखान्यात काय सांगायचं

गोचीड हे बारमाही दुखणं. फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत बघा. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी गडद झाली, तर गोचिडांपासून होणाऱ्या तापाची रक्त तपासणी त्याच दिवशी करा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तुमच्या हिशोबाने ताप वाटेल तो त्याचा नसेलही. थर्मामीटर घरात ठेवा.

भूल द्यायची वेळ आली, नसबंदी असो की टाके, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हा कारवानी आहे, ग्रेहाउंडच्या गटातला. या बारीक अंगाच्या, चरबी नसलेल्या कुत्र्यांना थायोपेंटोनसारखी औषधं फार वेळ उतरत नाहीत, कधी जीवावर बेततं. "थायोपेंटोन सोडून दुसरं काय वापराल?" हा प्रश्न आदल्या दिवशी विचारा, ऑपरेशनच्या टेबलाशी नव्हे. वजन त्याच दिवशी करून घ्या, अंदाजाने मात्रा नको. शुद्धीवर येताना अंग थंड पडतं, म्हणून जाड चादर आणि कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली सोबत न्या आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत तिथून निघू नका.